गल्लीच्या वाटणीचं ऊन

प्रिय आई,

तुझं पत्र मिळालं. त्यात नेहमीचे दोनच प्रश्न: वेळेवर जेवतोस का, आणि सध्या कोणाशी भांडण चालू आहे. पहिल्याचं उत्तर, हो. दुसऱ्याचं उत्तर लांबलचक आहे, म्हणून आज नीट बैठक मारून लिहितोय. घाबरू नकोस. कोणाचं डोकं फुटलेलं नाही, काम शाबूत आहे, आणि कॉलेजबद्दल या पत्रात अवाक्षर काढायचं नाही असं मी ठरवलंय. दादा-वहिनींना लगेच वाचून दाखवू नकोस, आधी तू एकटीने वाच. आणि तुझ्या सवयीप्रमाणे शेवटच्या पानावर उडी मारू नकोस. शेवट आधी वाचलास तर तुला वाटेल पोरगं हातचं गेलं. सुरुवातीपासून वाचलंस तर कळेल की कसं गेलं.

माझी गल्ली तू पाहिलेली नाहीस. एका अंगाला बुटक्या घरांची रांग, त्यातच आमचं काचेचं दुकान, दुकानाच्या माथ्यावर माझी खोली. समोर ती नवी उंच इमारत. ती काटकोनात वळलीय, त्यामुळे गल्लीच्या समोरही तीच आणि गल्लीच्या बंद टोकालाही तीच. पूर्वी समोर मोकळं मैदान होतं आणि ऊन तिकडूनच यायचं. इमारत उभी राहिली आणि ऊन तिच्या पलीकडेच थांबलं. उन्हाळ्यात भर दुपारी थोडं सांडतं आमच्याकडे, पण हिवाळ्यात नाव नको. कपडे वाळत नाहीत, नुसते गार होतात. भिंतींना ओल चढलीय. आणि गंमत अशी की इमारतीच्या पलीकडच्या बाजूला ऊन इतकं, की लोकांना सोसवत नाही. त्यांनी खिडक्यांना काळ्या काचा मागितल्या. त्या आमच्याच दुकानातून गेल्या, मीच बसवल्या. काचेच्या कडेने लांबी भरता भरता माझं डोकं असं तापलं म्हणून सांगू. एकाला नकोसं झालं म्हणून तो खिडकी काळी करतो, आणि खाली दुसऱ्याच्या अंथरुणाला बुरशी येते. मी हे तिथेच, त्या घरातल्या बाईंसमोर बोलून दाखवलं. आमचे मालक शांतपणे म्हणाले, “आधी काच बसव. क्रांती जेवणानंतर कर.”

आमचे मालक चांगले आहेत. मला कामावर घेतलं तेव्हा एकच विचारलं, काच फुटली तर काय करशील. मी म्हटलं, गोळा करीन. म्हणाले, “उद्यापासून ये. तुझ्या आधीचा पोरगा म्हणाला होता, माझा काय दोष.”

आता एका व्यक्तीबद्दल सांगायचंय. गल्लीत सगळे तिला रफूवाली म्हणतात, म्हणून मीही तेच लिहितो. दुकानाच्या शेजारच्या घरात, खालच्या खोलीत ती आणि तिची मावशी राहतात. दोघी रफूचं काम करतात. पण मावशीची नजर अधू झालीय, त्यामुळे सगळं बारीक काम हिच्याकडे. कोटाला भोक पडलं की ही त्याच कोटाच्या आतल्या शिवणीतून धागे काढते आणि भोक असं विणून टाकते की कोटाच्या मालकालाही जागा सापडू नये. या कामाला ऊन लागतं, आई. दिव्याखाली गडद निळा आणि काळा सारखाच दिसतो. म्हणून ती हिवाळ्यात स्टूल उचलून गल्लीच्या तोंडाशी जाऊन बसायची, जिथे रस्त्यावरचं ऊन थोडं आत येतं. तिथे गाड्या वळतात. कोणी हॉर्न वाजवला की स्टूल उचलायचं, गाडी गेली की पुन्हा मांडायचं. ती त्याबद्दल कधी कुरकुर करत नसे. कुरकुर मी करायचो, तिच्या वतीने, न विचारता. एका गाडीवाल्याशी तर माझी चांगलीच जुंपली. तो गेल्यावर ती सुईत दोरा ओवत म्हणाली, “अहो काचवाले, तुमच्या ओरडण्याने ऊन जास्त पडत नाही. हात मात्र हलतो माझा.” त्या दिवशी मी जेवलो नाही. म्हणजे वरचं उत्तर साधारणपणे खरं धर.

मग एका सकाळी आम्ही कपाटाच्या दाराचा मोठा आरसा हातगाडीवर चढवत होतो. गाडी गल्लीच्या तोंडाशी, उन्हात. आरसा जरा कलला आणि एक लखलखीत कवडसा सटकन गल्लीत घुसला. या भिंतीवरून त्या भिंतीवर, दारावरून कट्ट्यावर, आणि शेवटी थेट रफूवालीच्या खिडकीतून आत. त्या दिवशी गार वाऱ्यामुळे ती घरातच बसली होती. तिने वर पाहिलं नाही, कुठून आलं विचारलं नाही. मांडीवरचं कापड फक्त चार बोटं सरकवून कवडशाखाली घेतलं आणि काम चालू केलं. मी आरसा तसाच धरून उभा. हात भरून आले तरी धरून उभा. मालक म्हणाले, “गिऱ्हाइकाला पोचवायचाय की जोजवायचाय?” पण तेही बघत होते. त्यांच्या डोळ्यांत मला दिसलं की माझ्या डोक्यात आलंय ते त्यांच्याही डोक्यात आलंय.

ऊन वर भरपूर होतं. खाली पाठवायला फक्त उंचावर एक आरसा हवा होता, आणि उंच जागा एकच, इमारतीची गच्ची. त्यातही गल्लीच्या बंद टोकाकडची. मी तडक इमारतीच्या कारभाऱ्यांकडे गेलो. कशासाठी आलोय ते सांगायच्या आधीच माझा आवाज चढलेला होता, आणि पाचव्या वाक्याला मी विचारून बसलो, की सूर्य काय तुमच्या बापाचा आहे का. ते म्हणाले, “सूर्य नाही. गच्ची मात्र आमची आहे.” आणि दार लावून घेतलं. आई, खरं सांगतो, त्यांचं बोलणं मला आवडलं. राग आलाच, पण आवडलंही.

काम झालं ते रफूवालीमुळे. त्याच कारभाऱ्यांचा निळा कोट तिने महिन्यापूर्वी रफू करून दिला होता. ती कोट मागायला गेली. म्हणाली, एका बाहीवर माझ्या हातून चूक झालीय, निळ्यावर काळा धागा गेलाय, दिव्याखाली केलं होतं, उसवून पुन्हा करून देते. कारभाऱ्यांनी खिडकीशी नेऊन बाही पाहिली आणि हसू लागले. हाच कोट घालून ते दोन लग्नं आणि एक सत्कार फिरून आले होते, आणि तिन्हीकडे बायकोने त्यांना सांगितलं होतं की बाहीला काहीतरी लागलंय, ते झटकत राहिले होते. रफूवाली म्हणाली, तुमच्या गच्चीवर बसून करून देऊ का, खाली दिसत नाही. ते म्हणाले, बस की. ती बसली, बाही नीट केली, आणि कोट परत देताना म्हणाली की एकटी मी रोज वर येऊन बसेन हो, पण माझ्यामागे सगळी गल्ली वर आली तर तुम्हाला पापड वाळवायलाही जागा... नाही, तिने तसं म्हटलं नाही, हे माझं पदरचं. तिने एवढंच म्हटलं, की आम्ही वर येण्यापेक्षा ऊनच खाली आलेलं तुम्हाला सोयीचं. कारभाऱ्यांना ते पटलं. फक्त अट घातली, “त्या भांडकुदळाला आवाज खाली ठेवून गच्चीवर यायला सांग.”

मालकांनी टवके उडालेले जुने आरसे काढले, मी ते एका चौकटीत जोडले. चौकट सायकलच्या चाकाच्या आसावर बसवली, म्हणजे हवी तशी फिरते. सूर्य सरकतो तसा आरसाही थोडा थोडा हलवत राहावा लागतो, नाहीतर कवडसा निघून जातो. आणि इथे माझी पहिली फजिती झाली. आरसा जेवढा वळवावा, त्याच्या दुप्पट उजेड वळतो. हे मला शिकवलेलं होतं. (कुठे, ते लिहीत नाही.) ऐन वेळी विसरलो. गल्लीत एक आजोबा आहेत, रोज आभाळ बघून काहीतरी भाकीत करतात आणि ते रोज खोटं ठरतं, म्हणून त्यांना सगळे हवामान खातं म्हणतात. ते कट्ट्यावर डुलक्या घेत होते. सगळं ऊन त्यांच्या टकलावर उतरलं. दचकून उठले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाले, “सांगितलं नव्हतं मी, उन्हाळा लवकर येणार म्हणून?”

गल्ली त्या दिवशी नुसती हसत होती. बायका हात पुढे करून कवडशात उभ्या राहत होत्या, जसं कोणी शेकोटीशी राहावं. शेवटच्या घरातली बाळंतीण तान्ह्या बाळाला घेऊन आली. ते बाळ जन्मल्यापासून या गल्लीबाहेर गेलेलं नाही, म्हणजे त्याने ऊन पाहिलेलंच नव्हतं. त्याने डोळे गच्च मिटले आणि एक भली मोठी शिंक दिली. मी वर गच्चीवरून हे सगळं बघत होतो. इतका आनंद मला कधी झाला नव्हता. आणि आनंदात मी काय करावं? आरसा फिरवला आणि कवडसा नेऊन रफूवालीच्या खिडकीत ठेवला. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशीही. सकाळपासून उन्हं उतरेपर्यंत, सूर्य जसा सरकेल तसा आरसा हलवत, तिच्या मांडीवरचं कापड उजेडात राहील असा. दुकानातून सारखा सटकत होतो, मालक डोळेझाक करत होते. मला वाटलं, यापेक्षा सुंदर भेट कोणी कोणाला दिली नसेल.

चौथ्या दिवशी तिने खिडकी लावून घेतली. माझं ऊन बंद लाकडी झडपांवर आपटून परत गल्लीत पडलं. मी धावत खाली गेलो. ती दारातच उभी होती. आजवर ती मला अहो-जाहो करायची. त्या दिवशी पहिल्यांदा अरे-तुरेवर आली, आणि त्याने मला असं काही झालं की तिचं पहिलं अर्धं बोलणं मला ऐकूच आलं नाही. उरलेलं ऐकलं ते असं: “सगळ्या गल्लीचं ऊन तू माझ्या एकटीच्या मांडीत आणून टाकलंस. बाळंतीण सकाळपासून दुपटी घेऊन उभी आहे, आणि मी तिच्या डोळ्यांत बघू शकत नाही. इमारतवाल्यांनी ऊन अडवलं तेव्हा त्यांना निदान माहीत नव्हतं. तू बघून अडवलंस. मला असलं ऊन नको, आणि हे जोवर सगळ्यांचं होत नाही तोवर माझ्याशी बोलूही नकोस.” आणि खरंच बोलली नाही. मी जाताना दिसलो की ती सुईत दोरा ओवायला घ्यायची, ओवलेला असला तरी.

तुला माहीत आहे मी चिडल्यावर कसा वागतो. पण या वेळी चिडायला कोणीच सापडेना. ती बरोबर होती. मग मी खोलीत बसून हिशेब मांडला, उजेडाचे तास, घरांची संख्या, प्रत्येकाला सारखा वाटा. कागदावर इतकं चोख दिसलं की माझी मलाच शाबासकी द्यावीशी वाटली. सगळ्यांनी मान्य केलं आणि आठवड्यात त्याचा पार विचका झाला. एका घराला कुलूप असतं दिवसभर, त्यांच्या वाट्याचं ऊन कुलपावर पडून जायचं. निवृत्त मास्तरीणबाईंची पाळी नेमकी त्यांच्या झोपेच्या वेळी यायची, त्या उठून बसायच्या आणि शेजारणीवर खेकसायच्या. बाळाचा वाटा आला दुपारी उशिरा, तेव्हा त्याला न्हाऊन कितीतरी वेळ झालेला असायचा. सारखं वाटलं होतं, पण कोणाचंच भागत नव्हतं.

शेवटी मास्तरीणबाईंनी सगळ्यांना आमच्या दुकानात बोलावलं. म्हणाल्या, किती हवं ते कोणी सांगू नका, कशासाठी हवं ते सांगा. आई, ती बैठक तू पाहायला हवी होतीस. हवामान खातं उठून म्हणालं, मी सगळ्यांत म्हातारा, माझा मान पहिला. तर बाळंतीण म्हणाली, “आजोबा, तुम्ही मैदान होतं तेव्हा पोटभर ऊन खाल्लंय. याने अजून तोंडही उष्टं केलेलं नाही.” आजोबांनी बाळाकडे बघितलं आणि खाली बसले. वर म्हणाले, मला कुठेही चालेल, मी बाळाशेजारी बसेन. असं एकेक सुटत गेलं. न्हाणं झाल्यावरचं ऊन बाळाचं. बारीक कामाचं स्वच्छ ऊन रफूवालीचं. गुडघ्यांना शेकायचं मास्तरीणबाईंचं. गाद्या-गोधड्या सुट्टीच्या दिवशी, सगळ्यांच्या एकत्र. कुलूपवाल्यांनी आपणहून सांगितलं, आमचं राहू द्या, सुट्टीचं तेवढं द्या. मला दुपारचं थोडंसं मिळालं, खोलीची ओल जावी म्हणून. आणि आरसा फिरवायलाही पाळ्या लागल्या. कारभारी काय कमाल माणूस निघाले, त्यांनी स्वतः एक पाळी मागून घेतली. टोपी घालून, आरशाशी उभे राहून, वरून हाका मारतात, “अजून इकडे? की बास?” त्यांची बायको म्हणते, या वयात यांना खेळणं मिळालं.

त्या बैठकीत सगळं आटोपलं असं वाटत असतानाच इमारतीचा पहारेकरी दुकानाच्या दारात येऊन उभा राहिला. त्याची खोली इमारतीच्या पायथ्याशी, आमच्या गल्लीकडे तोंड करून. बायको आणि दम्याची म्हातारी आई, तिघं राहतात. माझ्या हे कधी लक्षातच आलं नव्हतं. त्या इमारतीची सावली सगळ्यांत आधी त्याच्याच दारात पडते. तो काही मागायलाही आला नव्हता, नुसतं म्हणाला की आईला कवडसा दिसतो समोर फिरताना, तिला गंमत वाटते. वाटण्या झालेल्या, दिवस तेवढाच. आणि माझं तोंड, तुला माहीत आहेच. मी म्हणालो की तू तर त्या बाजूचा. रफूवाली इतक्या दिवसांत पहिल्यांदा माझ्याशी बोलली. “बाजू कुठली? सगळ्या इमारतीला उजेड आणि याच्या दारात दिव्याखाली अंधार. आपल्यासारखाच आहे तो.” मग ती म्हणाली, माझ्यातलं अर्धं द्या त्यांना. मास्तरीणबाई म्हणाल्या, तुझं कामाचं आहे, त्याला हात लावायचा नाही.

आई, आता मी जे केलं ते विचार करून केलं असं सांगितलं तर तू विश्वास ठेवणार नाहीस, म्हणून सांगत नाही. मी उठलो आणि म्हणालो, माझी पाळी द्या पहारेकऱ्याला, सगळीच्या सगळी, कायमची. सगळे माझ्याकडे बघायला लागले. हवामान खातं म्हणालं, “आणि तुझ्या खोलीला ओल येईल त्याचं काय? तू कुठे बसणार रे उन्हाला?” आणि माझा हात माझा मला न विचारता वर गेला आणि शेजारच्या घराकडे, तिच्या खिडकीकडे वळला. मी म्हणालो, तिथे. दोन घरांचं मिळून एकच ऊन पुरेल. मालकांनी एक काच उचलली आणि पुसायला लागले, ती आधीच स्वच्छ होती. रफूवालीच्या मावशीने शेजारणीला विचारलं, कुठे दाखवतोय गं तो? बाळ कुरकुरत होतं. रफूवालीचे कान लाल झाले होते. मला वाटलं, संपलं, आता या गल्लीतही आपलं काही खरं नाही. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, “अर्ध्यात सोडून द्यायची सवय आहे म्हणतात तुला.” मी म्हणालो, कॉलेज सोडलं, बाकी काही नाही. (ठरवलं होतं, पण आलंच शेवटी.) ती मग म्हणाली, “आधी आईला विचार तुझ्या. माणसांना न विचारता कुठेही ऊन पाडत सुटतोस.”

तर विचारतोय. हे सगळं पत्र त्यासाठीच. पहारेकऱ्याच्या आईला परवापासून ऊन मिळायला लागलंय, ती दारात खुर्ची टाकून बसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाक मारून सांगते की हे त्या काचवाल्या पोराच्या लग्नाचं ऊन. त्यामुळे इथे आता माघार घ्यायची सोय उरलेली नाही, आणि मला घ्यायचीही नाही. तू ये. दादा-वहिनींना घेऊन ये, वेळ लागला तरी चालेल, पण तिला बघून, तिच्याशी बोलून तू स्वतः काय ते सांग. तुला ती आवडली नाही तर मी भांडणार आहे हे आधीच सांगून ठेवतो. सकाळची गाडी धर, म्हणजे उजेड असताना पोचशील. सगळ्यांनी मिळून ठरवलंय की तू येशील त्या दिवशी प्रत्येकाच्या पाळीतलं थोडं थोडं काढायचं आणि तुला बसायला द्यायचं. कुठे बसायचं ते तू ठरव. ती म्हणाली, त्यांना विचारल्याशिवाय आरसा हलवायचा नाही.

तुझाच,
धाकटा